बसऱ्याचा पंखा

"रहिमानचाचा, हा पंखा खरंच विमानाचा आहे, की कुठल्या गुऱ्हाळातून उचलून आणलाय?"

आता हा प्रश्न मुळात शकूचा नव्हताच. तो तिच्या मैत्रिणीचा, छबूचा होता. पण छबूला प्रश्न सुचतात आणि विचारायची वेळ आली की पोटात दुखतं. मधल्या सुट्टीत चिंचेची बोटकं चोखता चोखता ती म्हणाली होती, "एवढी वक्तृत्वात बक्षीस मिळवतेस, तर हे विचारून दाखव." शकुंतला उद्धवराव कोरडे हिला तळेगावच्या स्पर्धेत तिसरं बक्षीस मिळून पुरता महिना झाला नव्हता. तेव्हापासून तिला साधं "आई, मीठ कमी आहे" म्हणायचं असलं तरी एक हात आपोआप वर जाई. असल्या मुलीला "विचारून दाखव" म्हणणं म्हणजे उतारावर उभ्या गाडीच्या चाकाखालचा दगड काढण्यासारखं आहे.

चिंचवड स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर रहिमानचाचांचं दुकान होतं. पाण्याची इंजिनं, सायकली, शिवणयंत्रं, जे काही बिघडेल ते तिथे येई. आणि दुकानाच्या आढ्याला दोन साखळ्यांनी तो पंखा टांगलेला होता. लाकडी, दोन पात्यांचा, चांगला साडेआठ फूट लांब, चाळीस वर्षांच्या धुरातेलाने काळा झालेला. त्यावर सायकलीच्या ट्यूबा वाळत घातलेल्या असत.

पहिल्या महायुद्धाच्या लढाईत चाचा खडकीहून सुतार म्हणून इराकात, बसऱ्याला गेले होते, तिथे विमानांचे मोडके पंखे सांधत होते, आणि येताना गोऱ्या साहेबाने त्यांना हा एक तडकलेला पंखा बक्षीस दिला, अशी ती हकीकत. अख्ख्या चिंचवडला ती पाठ होती आणि अख्ख्या चिंचवडचा तिच्यावर विश्वास नव्हता. गवळी म्हणाला, दुधात पाण्याचा थेंब नाही, की बायका म्हणत, "हं, बसऱ्याची गोष्ट." पोरगा पहिला आला म्हणून कोणी पेढे वाटले, तरी मागे कुजबूज, "बसऱ्याचा पहिला." गावाने चाचांची लढाई अशी रोजच्या वापराला काढली होती.

तर शकूने विचारलं. हात वर करून विचारलं.

चाचांनी पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले. "गुऱ्हाळाला पंखा नसतो, बेटी. चरक असतो. तुला कोनी धाडलं?"

"कोणी नाही," शकू म्हणाली. दुकानाबाहेर छबूची वेणी दिसत होती.

"इमानाचाच हाय. न्हाई पटत तर न्हाई. चाळीस साल झाली, आता सांगून सांगून तोंड दुखतं."

एवढ्यावर हा विषय संपला असता. पण दुकानाच्या मागच्या अंगाला तिपाईवर बसून ताजुन्निसा ट्यूबचं पंक्चर शोधत होती. ताजुन्निसा म्हणजे चाचांची नात, आणि वर्गात शकूच्याच बाकावर बसणारी. शकूने तिला पाहिलंच नव्हतं. तिने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, तिथे खूण केली. मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या बाकावर जाऊन बसली.

ज्याला खरंच लाज वाटते तो माणूस गप्प बसतो. शकूला त्या वेळी वाटली ती कच्ची लाज होती, त्यामुळे तिने योजना आखली. शाळेत दिवाळीनंतर ऐतिहासिक वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात हा पंखा मांडायचा, खाली पाटी लावायची, त्यावर विमानाचं नाव आणि साल, आणि मग गाव बघू दे. ताजूपाशी जाऊन तिने ही योजना मधल्या सुट्टीभर समजावली. ताजू ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "दादाजींना परत हसायचं न्हाई कोनी. कबूल?"

"कबूल."

"तुझ्या जिभेवर न्हाई. तुझ्या नावावर."

"माझ्या नावावर," शकू म्हणाली, आणि ताजू पुन्हा तिच्या बाकावर आली.

हेडमास्तरांची एक अट होती. आदल्या वर्षी एका सद्गृहस्थांनी शिवकालीन म्हणून मांडलेली तलवार पाहुण्यांच्या हातात वाकली होती. ती जेजुरीच्या जत्रेतली निघाली. तेव्हापासून हेडमास्तर म्हणत, "जाणकाराचा दाखला आणा, मग वस्तू आणा." म्हणजे पंखा कुठल्या विमानाचा आणि कुठल्या सालचा, हे कोणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं होतं.

चिंचवडात जाणकारांची वाण कधीच नव्हती. शेजारचा ज्योतीराम सुतार आला, पंख्याला बोटाने टिचक्या मारल्या, कडेला जीभसुद्धा लावली आणि म्हणाला, "अक्रोड. पाच फळ्या सरसानं चिकटवल्यात. पर चिकटवल्यात काय, वितळवून ओतल्यागत दिसतंय." साल विचारल्यावर म्हणाला, "सालाचं मला न्हाई कळत. लाकडाचं कळतं." हा एकटाच माणूस, ज्याने आपल्याला काय कळत नाही ते सांगितलं. शकूचे घरमालक लक्ष्मणराव रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, त्यामुळे त्यांना सगळंच कळे. ते म्हणाले, "विमानाचा पंखा लोखंडी असतो. लाकडी म्हणजे फार तर पुष्पक." गल्लीतल्या अंबूबाईंनी वेगळीच वाट सांगितली. "येका आमुशेला त्याला निवद दाखवा. सपनात यून सांगंल, मी अमक्याचा हाय म्हनून. आमच्या आज्ज्याची हरवलेली म्हस अशीच घावली व्हती."

शकूने मात्र सरकारी वाट धरली. आणि सरकारी वाट म्हणजे अप्पा.

शकूचे वडील उद्धवराव सोलापूरकडून इथे आले ते पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात. ते स्टोअर्समध्ये कारकून होते. अर्ज लिहिणं हा त्यांचा धंदा नव्हता, धर्म होता. घरात कोणी तोंडी काही मागितलं की ते म्हणत, "पूर्ण नाव, तारीख, सही. त्याशिवाय अर्ज ग्राह्य नाही." शकूने लहानपणी भोवरासुद्धा लेखी मागितला होता. विमानांचं बघणाऱ्या पुण्यातल्या एका कचेरीला त्यांनी इंग्रजीत अर्ज केला. त्याचा मराठी सारांश असा: "विषय: पंखा, लाकडी, वापरलेला, नग एक, याची ओळख पटवून निर्मितीचे वर्ष निश्चित करून मिळणेबाबत." मुलगी अज्ञान म्हणून सही त्यांनी स्वतःची केली. ही सही त्यांना फार महागात पडली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यात ओळखीबद्दल काही नव्हतं, सालाबद्दलही नव्हतं. एकच प्रश्न होता: "सदर सरकारी मालमत्ता आपल्या ताब्यात कोणत्या आदेशान्वये आली?"

अप्पांनी पत्र तीनदा वाचलं आणि जेवणावरून उठले. सोलापूरची नोकरी धरून सव्वीस वर्षांत त्यांच्या स्टोअर्समधला एक खिळा कमी भरला नव्हता, आणि आता सरकारी विमान त्यांच्या नावावर निघालं होतं.

"अहो, पण तुमच्या ताब्यात कुठे आहे ते," आई म्हणाली. "चाचांच्या आढ्याला आहे."

"सही माझी आहे, इंदू. सरकार आढं बघत नाही, सही बघतं."

मग चाचांकडे चौकशी. गोऱ्या साहेबाने चिठ्ठी दिली होती का? दिली होती. कुठे आहे? बत्तीस साली वाळवीने खाल्ली. या वाळवीच्या अकलेला काय म्हणावं. समोर साडेआठ फूट लाकूड लटकत असताना तिने चार बोटांचा कागद खाल्ला. अप्पांनी उत्तराचे चार खर्डे केले. पहिल्यात त्यांनी पंख्याशी आपला काही संबंध नसल्याचं लिहिलं, दुसऱ्यात चाचांशी, तिसऱ्यात विमानविद्येशी. चौथ्यात शकूने सगळं खरं ते लिहायला लावलं. तेव्हा तिला खरं लिहिणं फार सोपं वाटत होतं.

आणि त्या खऱ्याला फळ आलं. कचेरीचं दुसरं पत्र आलं, की जाणकार अधिकारी गुरुवारी सकाळी अकरा वाजता येऊन वस्तूची पाहणी करतील. शेवटी एक ओळ होती: "तोवर वस्तू आहे त्या स्थितीत ठेवावी. कोणतीही तयारी करू नये."

पुढे जे झालं ते या ओळीमुळे झालं, म्हणून ती नीट लक्षात ठेवावी.

अप्पांनी ओळ वाचून दाखवली. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "ती लिहायची रीत असते. पाहुणेसुद्धा लिहितात ना, आम्ही सहज येतोय, काही करू नका. म्हणून काय कोणी पाहुण्यांपुढे नुसती पाण्याची भांडी ठेवतं?"

अंबूबाईंनी दुजोरा दिला. "माज्या लग्नात सासऱ्यानं सांगावा धाडला व्हता, काय बी नगं म्हनून. माज्या बापानं खरं मानलं. अजून ऐकतीय मी."

शकूला हे शंभर टक्के पटलं. एवढा मोठा अधिकारी पुण्याहून येणार, आणि त्याला तो तेलकट, काळा, ट्यूबांचे डाग पडलेला पंखा दाखवायचा? मुलगी बघायला आले तर तिला कोणी चुलीपुढून उठवून तशीच पुढे करतं का? चाचा एका लग्नासाठी दोन दिवस निघोज्याला गेले होते. ताजूकडे दुकानाची किल्ली होती. सगळं कसं जमून आलं होतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर दोघींनी पंखा खाली उतरवला. ज्योतीरामकडून काचकागद आणला, चपड्याचं पॉलिश आणलं. सोड्याच्या पाण्याने पुसून घेतल्यावर काळ्या थराखालून असा काही तांबूस तपकिरी रंग वर आला, की ताजूने हात थांबवून बघत बसावं. "दादाजींनी हा असा पाहिला असंल," ती म्हणाली.

मग दोघी मधल्या जाड भागाकडे आल्या. बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो तसा तो भाग, भोवती आठ भोकं. ताजू काचकागद फिरवता फिरवता थांबली.

"शकू, इथं आकडे हायेत."

शकूने वाकून पाहिलं. होते. वर एक ओळ, खाली दुसरी, बाजूला इंग्रजी अक्षरं आणि एक छोटा बाण. लाकडात ठोकलेले, आणि त्यांच्यात चाळीस वर्षांचं वंगण घट्ट बसलेलं.

"घाण बसलीय त्यात," शकू म्हणाली. "घास."

"पन आकडे हायेत. कामाचे असतील."

"अगं, साहेबांना विमानांचं सगळं तोंडपाठ असतं. ते आकडे कशाला बघतील? ते बघतील, वस्तू कशी ठेवलीय." आणि तिचा हात वर गेला. तिसऱ्या बक्षिसाचा हात.

ताजूने घासलं. आकडे खोल होते, काचकागदाने जाईनात. ताजू म्हणाली, राहू दे. तेव्हा शकू स्वतः ज्योतीरामकडे जाऊन कानस घेऊन आली आणि स्वतः बसून, जीभ दातांत धरून, तिने तो तुंबा असा गुळगुळीत केला की त्यावरून मुंगी घसरावी. नंतर पॉलिशचे तीन हात दिले.

गुरुवारी अकराला जीप आली. साहेब बारीक, चष्मेवाले, कमी बोलणारे, आणि मराठी. अर्धी गल्ली जमली होती. चाचा पहाटेच्या एस्टीने परतले होते आणि त्यांनी लग्नातला पांढरा शर्ट बदललाच नव्हता. त्यांनी चकाकणारा पंखा दारातूनच पाहिला. एक क्षण त्यांना तो ओळखूच आला नाही. मग ते हसले आणि ताजूच्या डोक्यावरून हात फिरवला. पंख्याला झेंडूचा हार होता, अंबूबाईंनी दोन्ही पात्यांना हळदकुंकू लावलं होतं. शकूने स्वागतपर चार शब्द बोलायला सुरुवात केली. त्यांतले दोनच झाले.

साहेबांनी हार हळूच काढून तिच्या हातात दिला, चष्मा कपाळावर चढवला आणि थेट तुंब्यापाशी गेले. त्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या बाजूने फिरवला. मग पंखा उलटा करायला लावला आणि पुन्हा फिरवला.

"आकडे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"इथे आकडे ठोकलेले असतात," साहेब म्हणाले, आणि ते अगदी शांतपणे बोलत होते, हे सगळ्यात वाईट होतं. "कोणी केला, कोणत्या इंजिनासाठी, किती व्यासाचा, पात्यांना पीळ किती, कितवा नग. हा पंख्याचा जन्माचा दाखला. त्यावरून विमान सांगता येतं, सालसुद्धा. एरवी लाकूड ते लाकूड. जुनं आहे, काम परदेशी आहे. विमानाचंच असावं. पण पहिल्या लढाईतलं की नंतरचं, ते कशावरून सांगू? आम्ही लिहिलं होतं, आहे त्या स्थितीत ठेवा म्हणून."

"आकडे मला ठावं हायेत, साहेब," चाचा पुढे आले. आणि त्यांनी ते म्हटले. वरची ओळ, खालची ओळ, अक्षरं, सगळं, नमाज पढावा तसं न अडखळता. "खालची वळ माज्या हातची. सांधलेल्या पंख्यावर आमी आमचा आकडा ठोकायचो, बसरा अन् अठरा साल. मीच ठोकलाय."

साहेबांनी पेन काढलं होतं. ते उघडलं नाही. "तुम्ही खरं सांगत असाल, चाचा. मला तसं वाटतंसुद्धा. पण माझ्या कागदावर वाटतं असं लिहिता येत नाही. मला दिसायला लागतं."

चाचांनी तुंब्याकडे पाहिलं, मग वळले. "कोनी घासलं?"

ताजूने शकूकडे पाहिलं. एकदाच. त्या नजरेत तक्रार नव्हती, नुसतं वाट पाहणं होतं. शकूने तोंड उघडलं. तळेगावच्या सभागृहात तीनशे माणसांपुढे जे तोंड साडेसात मिनिटं बंद झालं नव्हतं, ते त्या दिवशी उघडलं आणि त्यातून हवासुद्धा बाहेर आली नाही. हातात झेंडूचा हार होता, तो ती चुरत राहिली.

"मी," ताजू म्हणाली.

साहेब चहा न घेता गेले. लक्ष्मणरावांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि मोठ्याने म्हणाले, "चला, बसऱ्याची गोष्ट बसऱ्यालाच राहिली." सगळे हसले. बाकीच्यांचं सोडा. शकूच्या कानांना त्यांत आपल्या अप्पांचंही हसणं ऐकू आलं. सरकारी मालमत्तेच्या भानगडीतून सुटका झाल्याचं ते हसणं होतं, पण चाचांना ते कसं कळावं?

आता पुढच्या आठ दिवसांबद्दल लिहायचं, तर खरं म्हणजे कोणाला वाचता येऊ नये म्हणून कागद उलटा धरून लिहायला हवं. चाचा ताजूला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त तिच्या हातातली ट्यूब काढून घेतली आणि म्हणाले, "तू अभ्यास कर. दुकानातल्या वस्तूला हात नको लावू." तिपाई रिकामी राहिली. शकू शाळेत जाता-येता रोज ती रिकामी तिपाई बघे, आणि मग तिने रस्ता बदलून पाहिला, तर घरातली तिपाईसुद्धा तशीच दिसू लागली. वर्गात ताजू तिच्याच बाकावर बसत होती. हे आणखी एक. उठून गेली असती तर निदान हिशेब फिटला असता. ती शेजारी बसून वही पुढे सरकवायची, गणित दाखवायची, आणि त्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढायची नाही. शकूचं तिसऱ्या बक्षिसाचं पदक फळीवर होतं. ते तिने पालथं घातलं, तर त्याच्या मागे "वाचाशक्ती" असं कोरलेलं निघालं.

आईला वाटलं, पोरीला ताप आहे. तिने सुंठ उगाळून दिली. लाजेवर सुंठ चालत नाही.

तोडगा छबूने काढला. छबूला प्रश्न जसे सुचत तसे तोडगेही सुचत, दोन्ही दुसऱ्याने करायचे. "चाचांना आकडे पाठ आहेत ना? ज्योतीरामकडे बैलगाड्यांवर नंबर ठोकायचे ठसे आहेत. ठोका पुन्हा. आकडा तोच, जागा तीच, मग खोटं काय त्यात?" ज्योतीरामचीही हरकत नव्हती. "वर जरा वंगन चोपडलं की झाले चाळीस साल," तो म्हणाला. शकूला ही कल्पना इतकी आवडली की तिने जेवण केलं. कोणाला काही सांगायला नको, कबूल करायला नको, पंखा प्रदर्शनात, चाचांची मान वर, ताजू सुटली. लाज न वापरताच फिटली.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी शाळा सकाळची होती. सुटल्यावर ती ठशांची पेटी घेऊन थेट दुकानात गेली. पंखा भिंतीला टेकून उभा होता. चाचांनी त्याला पुन्हा आढ्याला लावला नव्हता. तिने सगळं एका दमात सांगितलं.

चाचांनी पेटी उघडली. एकेक ठसा उचलून उजेडात धरला. जुन्या कारागिराचे हात असे ठशांवरून फिरले, की शकूला वाटलं, जमलं.

"कुठं ठोकायचे?" त्यांनी विचारलं.

"इथे," शकू वाकून म्हणाली, आणि बोटाने दाखवू लागली. "वरची ओळ इथून इथपर्यंत. खालची जरा डावीकडे, तिचा शेवटचा आकडा या भोकाला चिकटून होता. अक्षरं इकडे. आणि बाण इथे, खाली तोंड करून."

बोलता बोलता तिचं बोट थांबलं.

चाचा पंख्याकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते.

"जागा बरोबर ठावी हाय तुला," ते म्हणाले. "बाणसुदिक."

रस्त्यावरून एक टांगा गेला. मग चाचांनी ठसे एकेक करून पेटीत ठेवले, झाकण लावलं आणि पेटी तिच्यापुढे केली.

"आकडा खरा असंल, बेटी. पन ठोकलेला आजचा असंल. मग लोक आजवर म्हनत आले, ते खरं हुईल." मग म्हणाले, "ज्योतीरामला म्हनावं, ठसे चांगले हायेत. तेल लावून ठेव."

शकूला ओरडा हवा होता. निदान "चालती हो" तरी. चाचांनी बसायला फळकूट पुढे केलं, चहा सांगितला आणि इंजिनाच्या कामाला लागले. तो अर्धा कप चहा प्यायला तिला जो वेळ लागला, तेवढ्यात तळेगावला जाऊन पायी परत येता आलं असतं. कप ठेवताना ती म्हणाली, "ताजूने राहू दे म्हटलं होतं, चाचा. कानस माझ्या हातात होती."

"हां," चाचा म्हणाले. "ते ताजूला सांगायची गरज न्हाई. तिला ठावं हाय." आणि त्यांनी पान्याने रस्त्याकडे, गावाकडे, नुसती खूण केली.

वाटेत थांबून तिने वहीत काही लिहिलं. घरी आली तेव्हा अप्पा अंगणात आरामखुर्चीत, आई तुळशीपाशी वाती वळत होती. उद्या प्रदर्शन. स्वागताचं भाषण शकूकडे होतं, आणि पाहुणे म्हणून अप्पांच्या कारखान्यातले मोठे साहेब येणार होते. अप्पांनी त्यासाठी कोटाला आठवडाभर आधी इस्त्री करून घेतली होती. पुढच्या रांगेत तिसरी खुर्ची त्यांची, हे ते आईला रोज सांगत.

शकूने दप्तर उतरवलं नाही, तशीच उभी राहून म्हणाली, "अप्पा, आई, मी उद्या स्वागताचं भाषण करणार नाही."

"घसा बसलाय का?" आईने विचारलं.

"नाही. त्या वेळात मी दुसरं वाचणार आहे. लिहून आणलंय." तिने वहीचा कागद उलगडला. हात वर गेला नाही, कारण दोन्ही हातांनी कागद धरावा लागत होता. "रहिमानचाचांचा पंखा विमानाचा आहे. तो त्यांनी स्वतः बसऱ्याला सांधला, असं ते सांगतात. त्यावर तसे आकडे होते. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते, वरची ओळ, खालची ओळ आणि बाण. आहे तसा ठेवा असं लिहून आलेलं असताना ते मी कानशीने घासून काढले. ताजुन्निसाने नको म्हटलं होतं. नंतर विचारलं तेव्हा मी गप्प बसले आणि तिने स्वतःवर घेतलं. म्हणून पंख्याला दाखला नाही. यात बसऱ्याची गोष्ट कुठेही नाही. खोटी गोष्ट फक्त माझी होती."

अप्पांच्या हातातला अडकित्ता सुपारीसकट थांबला. "मोठ्या साहेबांपुढे?" ते म्हणाले.

"सगळ्यांपुढे. लक्ष्मणरावांना मुद्दाम पुढे बसवणार आहे."

"शकू, अगं, मी तिसऱ्या खुर्चीवर असणार." अप्पांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "वाचायचंच तर वाच बाई. पण नुसतं 'एक विद्यार्थिनी' म्हण. नाव कशाला?"

शकूने कागदाची घडी घातली. लाज जशीच्या तशी होती, एक कणही कमी नाही. पण आता ती पक्की झाली होती, आणि पक्क्या लाजेवर उभं राहता येतं.

"नाव घालणार," ती म्हणाली. "खाली तारीख आणि सही करून. शकुंतला उद्धवराव कोरडे. पूर्ण नावाशिवाय अर्ज ग्राह्य नसतो, अप्पा."